किल्ली काढल्यावरही जागी

मित्रांनो, गाडी म्हटली की तुम्हाला चाकं आठवतात, हॉर्न आठवतो, फार तर पुढचे दिवे. माझी आठवण कुणाला होत नाही, आणि त्यात कुणाची चूकही नाही, कारण मी कधी दिसतच नाही. मी एक जुनी लाल वायर आहे. जाडीला शेवईहून थोडी जास्त, लांबीला दोन हात. बाटलीसारख्या हिरव्या रंगाच्या, चार दारांच्या, मागे डिकी असलेल्या एका छोट्या गाडीत, डॅशबोर्डच्या पोटात मी गेली पंधरा वर्षं राहते आहे. माझं एक टोक फ्यूजच्या डबीतून बॅटरीकडे जातं, दुसरं रेडिओच्या पाठीशी येऊन थांबतं. एवढंच माझं जग. त्या जगात बहुतेक वेळ अंधार असतो आणि सोबत फारशी नसते.

माझा जन्म एका मोठ्या शेडमध्ये झाला. तिथे माणसाच्या उंचीच्या लाकडी फळ्या होत्या, फळ्यांवर खिळे ठोकलेले होते, आणि त्या खिळ्यांवरून बायका आम्हा वायरींना ओढून घ्यायच्या. ज्या बाईच्या हातून मी तयार झाले तिची बोटं चिकटपट्टीने काळी पडली होती. पट्टी गुंडाळताना ती ओठातल्या ओठात काहीतरी म्हणत असे. प्रार्थना असावी, किंवा बाजाराची यादी असावी. मला अजून कळलेलं नाही. पण तिचा हात हळू होता. वायर पिळली जाणार नाही एवढीच ती ओढायची.

आमच्या कारखान्यात रंगांचे नेम ठरलेले होते. लाल ती सदा जागी. किल्ली लावलेली असो, काढलेली असो, मालक झोपलेला असो, परगावी असो, लाल वायरीत वीज असलीच पाहिजे. माझ्या शेजारची पिवळी ही किल्लीबरोबर उठायची आणि किल्लीबरोबर झोपायची. काळी बिचारी सगळ्यांची वीज गाडीच्या लोखंडात परत पोचवायची. बाकीच्या जोडीजोडीने दारांतल्या स्पीकरकडे गेलेल्या होत्या; गाणं त्यांच्या वाट्याला, मला त्यातलं काही नाही.

तुम्ही विचाराल, बंद रेडिओला वीज हवीच कशाला? मित्रांनो, फार थोडी हवी असते. त्याचं घड्याळ चालू राहावं आणि कोणत्या बटणावर कोणतं केंद्र आहे हे त्याला आठवावं, एवढ्यापुरता एक घास. मात्र तो घास अखंड हवा. देवाच्या तसबिरीपुढचा दिवा जसा, तेल थोडंसंच लागतं, पण विझून चालत नाही. हा नेम माझ्या वाट्याला आला आणि मी तो जिवापाड सांभाळला.

गाडी विकत घेतली ती सर्बियाच्या पश्चिमेकडच्या डोंगरात राहणाऱ्या व्लास्तिमिर नावाच्या जंगलरक्षकाने. मोठ्या मिशा, कमी बोलणं. गाडी घरी आणली त्याच आठवड्यात त्याने रेडिओच्या तीन नंबरच्या बटणावर दरीतल्या गावाचं केंद्र बसवलं आणि बायकोला सांगितलं, "रोसांदा, हे तीन नंबर आपलं. बाकीची कुणाचीही असोत."

"आणि चार नंबरवर काय आहे?" रोसांदाने विचारलं.

"चार नंबरवर राजकारण. तिकडे जाऊ नकोस."

त्यांचं घर डोंगराच्या एका घडीत होतं. स्वयंपाकघरातल्या रेडिओवर नुसती खरखर यायची. पण घरापासून वर, वळणावर, एक जुना ओक होता. त्याच्या बुंध्यावर क्रूस कोरलेला होता, आणि त्या झाडाला कुऱ्हाड तर सोडाच, खिळासुद्धा कुणी लावत नसे. गावाची प्रार्थना त्याच्याखाली होई. तिथे गाडी उभी केली की दरीतलं केंद्र असं स्वच्छ ऐकू येई, जणू बोलणारा मागच्या सीटवर बसला आहे.

इथे प्रत्येक कुळाचा एक संत असतो आणि वर्षातून एकदा त्याचा दिवस येतो. त्याला स्लावा म्हणतात. त्या दिवशी आमंत्रण कुणाला द्यायचं नसतं, दार उघडं ठेवायचं असतं. यांचा संत लूका, त्याचा दिवस ऑक्टोबरच्या अखेरीस. त्या दिवशी सकाळी अकरा वाजता दरीतल्या केंद्रावर शुभेच्छा आणि फर्माइशी लागायच्या. व्हिएन्नात विटा रचणारे, म्युनिकमध्ये म्हातारे सांभाळणारे, सगळे आपापल्या घरच्यांसाठी निरोप पाठवायचे आणि निवेदिका ते वाचून दाखवायची. रोसांदाचा एकुलता एक मुलगा ओग्न्येन ऑस्ट्रियात लिंझला फरशी बसवायचं काम करत होता. तोही दर वर्षी न चुकता पाठवायचा.

आणि याचीही एक रीत त्यांच्यात पडून गेली होती. पाहुणे यायच्या आधी नवराबायको ओकाखाली यायचे. इंजिन बंद, किल्ली एक खाच पुढे, तीन नंबर. ओग्न्येनचा निरोप वाचला गेला, गाणं संपलं, की रोसांदा लगेच त्याला फोन लावायची आणि एकच शब्द म्हणायची, "ऐकलं." मग ती दोघं घरी जाऊन मेणबत्ती पेटवायची. निरोप ज्याने पाठवला त्याने फोन करायचा नाही. ज्याने ऐकला त्याने करायचा. कुणी ठरवलं नव्हतं, पण कधी मोडलंही नव्हतं.

ती वर्षं माझ्या सुखाची होती, मित्रांनो. चौदा वर्षं रेडिओचं घड्याळ एक मिनिटही मागे पडलं नाही. बॅटरी दोनदा बदलली तेव्हा काय तो खंड पडला, आणि दोन्ही वेळा व्लास्तिमिरने आधी चष्मा लावून केंद्र पुन्हा बसवलं, मगच हात धुतले. एकदा तर तो म्हणाला, "या रेडिओची आठवण माझ्याहून चांगली आहे." ते कौतुक रेडिओचं होतं, मला माहीत आहे. तरी अंधारात मी ते माझंही समजले.

मग एका मार्चमध्ये व्लास्तिमिर गेला. गाडी नऊ दिवस अंगणात उभी होती. किल्ली खुंटीला. नऊ रात्री मी जागी, आणि ज्याच्यासाठी जागी त्याची चाहूल नाही. दहाव्या दिवशी रोसांदा येऊन बसली. ती पन्नाशीत गाडी शिकली होती, पण सीट पुढे ओढायची तिला सवय नव्हती, ती नेहमी उजव्या बाजूला, चालकाच्या शेजारी बसायची. तिने सीट पुढे ओढली, क्रूसाची खूण केली आणि किल्ली फिरवली.

त्याच उन्हाळ्यात ओग्न्येन तीन आठवड्यांसाठी आला. जायच्या दिवशी रोसांदा त्याला बसच्या थांब्यावर सोडायला निघाली. अर्धा रस्ता उतरून झाला. मग तो म्हणाला, "आई, हिवाळ्यात इथे एकटी राहू नकोस. बर्फ पडला की रस्ता बंद होतो. लिंझला खोली आहे."

"आणि तुझ्या बापाच्या तसबिरीपुढे दिवा कोण लावणार? तुझी ती खोली?"

"दिवा तिथेही लावता येतो."

"तिथे थडगं आहे का त्यांचं?"

"तू काहीही म्हणतेस."

"मी काहीही म्हणत नाही. मी एकच म्हणतेय, आणि तू ते ऐकत नाहीयेस."

"मग राहा त्या दिव्याबरोबर," तो म्हणाला. थांबा आला. त्याने बॅग उचलली आणि दार इतक्या जोराने लावलं की त्या दारातला स्पीकर आतून सैल झाला. त्या दिवसापासून तो जरासा करकरतो. रोसांदा बराच वेळ गाडी तशीच चालू ठेवून बसली होती. मग बस निघून गेली.

आई आणि मुलगा एकाच लाकडाचे होते. आधी कोण फोन करणार, यात ऑगस्ट गेला.

सप्टेंबरात घरोघरी लाल मिरच्या भाजतात, बरण्या भरतात. रोसांदा मुरवलेल्या मिरच्यांची एक मोठी बरणी पुढच्या सीटवर ठेवून चर्चच्या स्वयंपाकघरात द्यायला निघाली. ओकाच्या वळणावर बरणी कलंडली आणि खारं पाणी थेट रेडिओच्या तोंडात गेलं. चौदा वर्षांचा माझा सोबती एकदा खोकला आणि कायमचा गप्प झाला.

नवीन रेडिओ मिलुटिनने बसवला. मिलुटिन म्हणजे व्लास्तिमिरचा जिवलग, ओग्न्येनचा बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता, निवृत्त ट्रॅक्टरचालक. गावात काहीही बिघडलं की त्याला बोलावत नसत, तो आपणहून येत असे. त्याने जुन्या बाजारातून परदेशी बनावटीचा एक चकचकीत रेडिओ आणला, जुना ओढून काढला आणि माझ्याकडे पहिल्यांदाच माणसाच्या डोळ्यांनी पाहिलं.

"भावजी, एकदा गावातल्या इलेक्ट्रिशियनला विचारलं तर?" रोसांदा दारात उभी राहून म्हणाली.

"विचारायचं काय त्यात, वहिनी? लालला लाल, पिवळीला पिवळी, काळीला काळी. झेंडा शिवायचा असता तर जास्त डोकं लागलं असतं."

मित्रांनो, मी ओरडू शकत असते तर त्या दिवशी ओरडले असते. कारण त्या परदेशी रेडिओच्या घरचा नेम उलटा होता. तिथे सदा जागी राहणारी पिवळी, आणि किल्लीबरोबर उठणारी लाल. मिलुटिनने माझ्या टोकाला रेडिओची लाल बांधली. ती किल्लीबरोबर उठायचीच जागा. रात्री तिला माझ्याकडून काही नको असायचं. आणि रेडिओची आठवण जिच्यावर जगायची ती त्याची पिवळी आमच्या झोपाळू पिवळीला बांधली गेली. किल्ली काढली की तिच्यात काहीच उरत नसे. मी रात्रभर वीज हातात घेऊन उभी, आणि दोन बोटांवर रेडिओ उपाशी.

किल्ली काढली की रेडिओ सगळं विसरायचा. पुन्हा लावली की घड्याळात बारा, आणि चारही बटणांवर कुठलंच केंद्र नाही, नुसती आकड्यांच्या पहिल्या पायरीवरची खरखर.

मिलुटिनने अंगणात तीन नंबरवर केंद्राचा आकडा बसवला, किल्ली काढली आणि मिशी पुसली. "झालं. आता स्लावाला ऐका निवांत."

स्लावाच्या सकाळी रोसांदा एकटीच ओकाखाली आली. अंगावर काळा पोशाख, मांडीवर फोन. इंजिन बंद केलं, किल्ली एक खाच पुढे ठेवली आणि तीन नंबर दाबला.

खरखर.

तिने पुन्हा दाबला. एक दाबला, दोन दाबला. रेडिओवरची अक्षरं मुंगीएवढी आणि परक्या भाषेतली. तिची बोटं दूध काढून, सरपण फोडून जाड झालेली. बारीक बटण दाबायला गेली की शेजारचंही दाबलं जाई. पाऊण तास ती शोधत होती. शेवटी कसंबसं केंद्र लागलं तेव्हा निवेदिका म्हणत होती, "...आणि या दोन निरोपांनी आपण आजचा कार्यक्रम संपवू या." ते दोन निरोप रोसांदाने श्वास धरून ऐकले. त्यांत लिंझ नव्हतं.

आधी वाचला गेला असेल का? पाठवलाच नसेल का? तिने फोनकडे पाहिलं. ऐकलं नाही ते "ऐकलं" कसं म्हणायचं? आणि कुणाला विचारायला जायचं म्हणजे आपण वाट पाहत होतो हे सांगायचं. तिने फोन पिशवीत टाकला आणि मेणबत्ती पेटवायला घरी गेली.

तो फोन त्यानंतर वर्षभर गप्प राहिला. दोन्ही बाजूंनी.

ते वर्ष कसं गेलं ते मी थोडक्यात सांगते. रोसांदा दर आठवड्याला मिलुटिनला हाक मारायची, तो येऊन केंद्र बसवायचा, आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेलेलं असायचं.

"वहिनी, पुन्हा काहीतरी दाबलंत."

"मी हात लावला नाही हो."

"मग काय भुताने लावला? व्लास्तिमिर असता तर त्याने तुम्हाला रेडिओसाठी वेगळा ड्रायव्हर ठेवला असता."

तो हसायचा. त्याच्या मनात वाईट नव्हतं. पण तेच तो दुकानात सांगायचा, तेच चर्चच्या पायऱ्यांवर, आणि हळूहळू लोक रोसांदाशी जरा मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागले. तिने एका कागदावर ठळक तीन लिहून तो डॅशबोर्डवर चिकटवला. मग किल्ली लावण्याआधी ती पुटपुटायला लागली. घरातल्या गेलेल्या माणसांची नावं, एकामागून एक, बापाकडची, आईकडची, नवऱ्याकडची. रोज संध्याकाळी तसबिरीपुढे ती ही नावं घेतच असे. आता ती गाडीतही घेऊ लागली, कुठे अडखळते का ते बघायला. ती अडखळत नव्हती. पण तीन नंबर दाबला की खरखर येई, आणि तिचा चेहरा उतरे.

मला सगळं ठाऊक होतं आणि मी कुणाला सांगू शकत नव्हते. एकटेपण म्हणजे काय ते मला त्या वर्षी कळलं. व्लास्तिमिरच्या नंतरचे ते नऊ दिवस परवडले असं वाटायचं. तेव्हा निदान माझी जाग कुणाच्या तरी कामाची होती.

दुसरी स्लावा दोन दिवसांवर आली आणि रोसांदा दरीतल्या गावात झोर्काच्या गॅरेजवर गेली. झोर्काचा नवरा गाड्यांचा इलेक्ट्रिशियन होता; तो गेल्यावर लोक म्हणाले, दुकान विकून टाक. तिने नवऱ्याचा डगला घातला आणि शटर उघडलं. पन्नाशीची, आखूड केसांची, तोंडात कायम सूर्यफुलाच्या बिया.

"गाडी कुणी घेईल का बघ," रोसांदा म्हणाली. "विकायची आहे."

"का हो मावशी? इंजिन तर माझ्यापेक्षा ठणठणीत वाजतंय."

"इंजिन ठीक आहे. मी ठीक नाही." रोसांदाने हातमोजे काढून मांडीवर नीट जोडून ठेवले. "मी विसरायला लागलेय, पोरी. आज रेडिओचं विसरते, उद्या ब्रेक विसरेन. रस्त्यावर लोकांची पोरं असतात."

झोर्काने पलीकडचं दार उघडलं. ती आत बसली, किल्ली फिरवली. मग काढली. मग पुन्हा फिरवली.

"मावशी, तुमचं घड्याळ बारा का दाखवतंय?"

"ते नेहमीच बारा दाखवतं. परदेशी आहे ना."

"परदेशात काय दिवसभर बाराच वाजलेले असतात?" झोर्काने बियांची टरफलं थुंकली. "हा कुणी बसवला?"

"मिलुटिनने. रंगाला रंग बघून."

"हां," झोर्का म्हणाली, आणि तो "हां" मी आजही विसरलेले नाही.

तिने रेडिओ बाहेर ओढला. वर्षानंतर माझ्यावर उजेड पडला. किल्ली काढून तिने रोसांदाच्या हातात दिली, खिशातून एक छोटा दिवा काढला, त्याचा चिमटा गाडीच्या लोखंडाला लावला आणि त्याची सुई माझ्या टोकाला टेकवली.

दिवा लागला. बारीक पिवळसर, थरथर नाही. डॅशबोर्डच्या त्या काळ्या पोकळीत तो एवढासा उजेड पाहून रोसांदाचा हात आपोआप कपाळाकडे गेला.

"बघा. किल्ली तुमच्या मुठीत आहे आणि ही लाल जागी आहे. आता पिवळी." तिने सुई पिवळीला लावली. काही नाही. "झोपलीय. लावा किल्ली. बघा, आता उठली. रेडिओला रात्री आठवायला जी वीज लागते ती या झोपाळूकडून मागतोय तो. देणार कुठून ती? दर वेळी किल्ली काढली की बिचाऱ्याला पहिल्यापासून जन्म."

रोसांदाने किल्ली पुन्हा काढली आणि दिवा विझताना पाहिला. मग हळूच म्हणाली, "म्हणजे तो विसरत होता."

"तो विसरत होता. तुम्ही एक वर्ष रोज त्याला आठवण करून देत होतात. विसरणारी माणसं असं करतात का?"

"मिलुटिन म्हणाला होता की..."

"मिलुटिनला सांगा, ट्रॅक्टरला रेडिओ नसतो."

झोर्काने चार टोकं सोडवली. मला रेडिओच्या पिवळीशी बांधलं आणि आमच्या पिवळीला त्याच्या लालशी. रंग विजोड दिसत होते, पण मला त्याच क्षणी पलीकडून तो ओळखीचा इवला घास ओढला गेल्याचं जाणवलं. कुणीतरी मागत होतं आणि मी देत होते. तिने सांध्यांवर पट्टी गुंडाळली. वायर पिळली जाणार नाही एवढीच ओढून.

"आता विकायची का?" तिने विचारलं.

"स्लावा होऊ दे," रोसांदा म्हणाली. "ये तू पण. यंदा शुक्रवार आला आहे, उपासाचंच असेल, मांस-दूध नाही. मासे आणि वाल."

त्या शुक्रवारी सकाळी धुकं होतं. रोसांदा ओकाखाली आली तेव्हा अकराला सात मिनिटं कमी होती, आणि ते रेडिओच्या घड्याळातही तसंच दिसत होतं. तिने इंजिन बंद केलं. किल्ली पूर्ण काढली. दहा आकडे मोजले. पुन्हा लावली आणि तीन नंबर दाबला.

निवेदिकेचा आवाज आला, मागच्या सीटवर बसल्यासारखा.

पहिले निरोप व्हिएन्नाचे होते. मग म्युनिक. मग एका म्हाताऱ्या जोडप्याच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून गाणं. रोसांदा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसली होती, जणू गाडी चालवते आहे. काचा आतून धुरकट झाल्या. साडेअकरा झाले. पावणेबारा. कागदांची सळसळ ऐकू आली, म्हणजे थोडेच उरले होते.

"लिंझहून ओग्न्येन," निवेदिका म्हणाली, "आपली आई रोसांदा हिला स्लावाच्या शुभेच्छा देतो आहे. आणि म्हणतो आहे, गाणं गेल्या वर्षी पाठवलं होतं तेच लावा."

गाणं सुरू झालं. उजव्या दारातला स्पीकर, तोच, जरासा करकरत होता.

रोसांदा रडली नाही. तिने ओठ मिटले आणि हळूच म्हणाली, "गेल्या वर्षी पाठवलं होतं." पुन्हा एकदा म्हणाली. गाणं पूर्ण संपू दिलं. मग फोन काढला आणि जाड बोटांनी एकेक आकडा दाबला.

पलीकडे लगेच उचलला गेला.  मागे फरशी कापायच्या यंत्राची घरघर होती, ती थांबली.

"ऐकलं," रोसांदा म्हणाली.

"आई, मागच्या वर्षी..."

"मागच्या वर्षी नव्हतं ऐकू आलं. रेडिओ बिघडला होता रे. मला वाटलं, मी बिघडले."

 मग तो म्हणाला, "मेणबत्ती लावलीस?"

"जातेय आता लावायला. तू पण लाव. इथली विझायच्या आत."

एवढंच बोलणं झालं. एका वर्षानंतर, मित्रांनो, एवढंच. पण त्या दिवशी तिने किल्ली काढली तेव्हा जरा थांबून हात डॅशबोर्डवर ठेवला, नेमका माझ्या वर. तिने रेडिओला दाद दिली असेल. मी ती माझीही समजले. जुनी खोड.

आता जानेवारी आहे. रोसांदा हिवाळ्यापुरती लिंझला गेली आहे. तसबीर आणि दिवा बरोबर नेला. थडग्यावरचा दिवा मिलुटिनकडे सोपवला आणि ईस्टरआधी परत येणार असं दोघांकडूनही शपथेवर ठरवून घेतलं, मुलाकडूनही आणि स्वतःकडूनही. गाडी अंगणात बर्फाखाली उभी आहे. दिवसचे दिवस कुणी येत नाही. मी जागी आहे. थंडीत बॅटरीचा जीव कमी होतो, आणि माझा नेम तिच्याच जिवावर चालतो. कधीकधी वाटतं, या वेळी पोचत नाही आपण.

पण रविवार आला की बर्फ खरवडल्याचा आवाज होतो. मिलुटिन येतो, इंजिन अर्धा तास चालू ठेवतो आणि माझ्याशी भांडतो. "लालला पिवळी," तो पुटपुटतो. "असं कुठे असतं का?" परवा तर रविवार नव्हता तरी आला. त्याच्याच घरची स्लावा होती, संत योहानाची. नवा कोट घातला होता आणि कुरकुरत होता. रोसांदाने फोन करून बजावलं होतं, पाहुणे यायच्या आधी गाडी ओकाखाली न्या, अकरा वाजता तीन नंबर दाबा, मधे काही शहाणपणा करू नका. त्याने नेली, दाबला, हाताची घडी घालून बसला.

"लिंझहून रोसांदा," निवेदिका वाचू लागली, आणि मधेच तिला हसू आवरेना, "आपल्या मुलाचे धर्मपिता मिलुटिन यांना स्लावाच्या शुभेच्छा देते आहे, आणि सांगते आहे, भावजी, थडग्यावरचा दिवा रंग बघून लावू नका, तेल बघून लावा."

मिलुटिन एकदम सरळ बसला. ही गोष्ट आता सगळ्या दरीने ऐकली होती. त्याची मिशी हलली. मग टोपी काढून त्याने डोळे पुसले, खिशातून फोन काढला, चष्मा शोधला, सापडेना, तसाच आकडा लावला.

"ऐकलं, वहिनी," तो म्हणाला.

मित्रांनो, माझी तुमच्यापाशी एकच विनवणी आहे. तुमच्या घरात कुणी विसरायला लागलं, तेच तेच विचारायला लागलं, तर हसण्याआधी एकदा मागे हात घालून बघा. त्यांच्यासाठी जागं राहणारं कुणी त्यांना जोडलेलं आहे का? की जागं माणूस एकीकडे उभं आहे आणि ते दोन बोटांवर उपाशी आहेत? एका छोट्या दिव्याने कळतं. फार वेळ लागत नाही.

गाडी अंगणात परत आणून मिलुटिनने किल्ली काढली. दार जपून लावलं. पावलं बर्फावरून दूर गेली, आणि आत पुन्हा अंधार झाला. घड्याळात अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. मग एकेचाळीस.